क-चौदाचा प्रेक्षक

इक्बाल सतारमेकरनं नवा लेखक धरला, ही बातमी धनंजय रिसबूडला इक्बालकडून कळली नाही. ती त्याच्या बायकोनं सांगितली, तीही भाजीची पिशवी रिकामी करता करता.

"शमीमभाभी भेटल्या मंडईत," अश्विनी म्हणाली. "सोमवारपासून इक्बालभाईंच्या तालमी सुरू झाल्यात म्हणे. कुठल्याशा कंपनीचं नाटक आहे. तुला माहीतच असेल."

"हो, बोलला होता," धनंजय म्हणाला. इक्बाल बोलला नव्हता.

सत्तावीस वर्षांची जोडी होती ती. धनंजय लिहायचा, इक्बाल करायचा. फार्स म्हटलं की लोक 'रिसबूड-सतारमेकर' असं एका दमात म्हणत, जणू ते एकाच माणसाचं नाव-आडनाव असावं. मिरजेत इक्बालच्या घरची तंतुवाद्यांची पेढी होती. नवा प्रवेश लिहून झाला की धनंजय तिथं जायचा आणि अर्धवट कोरलेल्या भोपळ्यांच्या गराड्यात बसून तो मोठ्यानं वाचायचा. इक्बाल ज्या ओळीला हसला ती राहायची, नुसती मान हलवली ती खोडली जायची. वाक्य कुठं तोडायचं, दार किती वेळानं लोटायचं, कोणत्या शब्दावर खोकायचं, सगळं धनंजयच्या संहितेत लिहिलेलं असे. लोक इक्बालला हसत. धनंजय विंगेत उभा राहून तो हशा ऐकायचा, आणि तो आपलाच आहे अशी त्याची पक्की समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मिरजेला गेला.

"सांगणारच होतो लेका," इक्बाल म्हणाला. त्यानं नजर तारेच्या खुंटीवरून हलवली नाही. "आणि लेखक बदलला असं काय नाही. तिथं लेखकच नाही. मशीन हाय."

"मशीन लिहितं?"

"लिहीत नाही, बेत करतं. माझ्या कानात सांगतं, आता चपला लपव, आता त्या बाईला बाहेर काढ. शब्द माझे मी बोलायचे." इक्बाल आता हसत होता. "धन्या, पुढं काय होणार ते मलाच ठाऊक नसतंय! साठी आली आणि मला पहिल्यांदा नाटकात धडधडायला लागलं. तू ये की बघायला."

धनंजय घरी आला तो न जेवताच आडवा झाला. अश्विनीनं त्याच्याकडे बघितलं. "चेहरा बघ आरशात. सवत आणल्यासारखा झालाय," ती म्हणाली. एरवी अशा वाक्यावर तो हसला असता, वहीत टिपूनही ठेवलं असतं.

*

नाट्यगृह म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डाजवळचं हळदीचं जुनं गोदाम होतं. भिंतींना रंग देऊन, खुर्च्या मांडून दोन वर्षं झाली होती तरी आत शिरल्यावर नाकाला पहिल्यांदा हळदच लागायची. यंत्र बनवणारी अनुष्का खराडे तिथंच भेटली. पस्तिशीची, कोल्हापूरची, बोलताना हातवारे करणारी. धनंजयचं नाव ऐकताच ती उठून उभी राहिली.

"सर, तुमचे सगळे प्रयोग मी आईबरोबर बघितलेत. तुम्हाला योजक दाखवायचाच होता मला."

योजक हे त्या यंत्रणेचं नाव. दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं, एक पडदा आणि त्यावर सरकणाऱ्या चौकटी. पण अनुष्कानं समजावलं ते धनंजयला पुरेपूर कळलं, आणि तिथंच त्याचं दुखणं वाढलं.

"पूर्वीची यंत्रं शब्दामागून शब्द ओळखायची," ती म्हणाली. "ती कोट्या करायची, पण फार्स त्यांना जमायचा नाही. चार मिनिटांत विसरायची की कपाटात कोण लपलंय. योजकाला शब्दांशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त कृती माहीत आहेत. प्रत्येक कृतीच्या दोन बाजू असतात. ती करायला आधी काय लागतं, आणि केल्यावर काय बदलतं. कुलूप उघडायचं तर हातात किल्ली हवी. उघडलं की दार मोकळं. अशा चारशे कृती आम्ही त्याला लिहून दिल्यात. पात्राला काय साधायचंय तेही दिलंय. तिथपर्यंत पोचणाऱ्या कृतींच्या साखळ्या तो जुळवत बसतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत लाखभर साखळ्या."

"आणि त्यातली सगळ्यात सोपी निवडतो."

"कारखान्यात हेच यंत्र तसं करतं. आम्ही त्याला उलटं शिकवलं. मुक्कामाला पोचव, पण जास्तीत जास्त फजिती होईल अशा वाटेनं. आणि पुढची आपत्ती प्रेक्षकाला आधी कळली पाहिजे, पात्राला नंतर. कुणाला काय माहीत आहे याची नोंद तो कायम ठेवतो. मध्येच प्रेक्षकांनी खोडा घातला की जुना बेत मोडतो. मग अर्ध्या सेकंदात नवा बेत, त्याच अडचणीतून." तिनं श्वास घेतला. "माणसाचा बेत फसतो आणि तो आपल्यासमोर धडपडत दुसरा रचतो. विनोद म्हणजे एवढंच ना, सर?"

अगदी एवढंच. औदुंबरच्या एका शिबिरात धनंजयनं जवळजवळ याच शब्दांत हे सांगितलं होतं, आणि पंचवीस पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

*

प्रयोग रविवारी दुपारी तीनला असे. कथा साधी होती. एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकानं एकाच मुहूर्ताला दोन लग्नं घेतलीत. दोन्ही वधूंच्या आया कार्यालयात येऊन दाखल झाल्यात आणि त्या एकमेकींसमोर येता कामा नयेत. व्यवस्थापक इक्बाल. तीन दारं, एक टेलिफोन, चपलांचा ढीग, आणि वर भांडी ठेवायचा माळा, त्याला लावलेली लाकडी शिडी. प्रेक्षकांच्या खुर्चीच्या हातावर एक छोटी पाटी, तिच्यावर चित्रं. प्रयोगात बारा वेळा घंटा वाजणार. घंटेनंतर जो सगळ्यात आधी बोट ठेवेल, त्याचा खोडा मंजूर. दार बंद करा, फोन वाजवा, एखाद्या आईला आत पाठवा.

धनंजय पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसला. दहाव्या मिनिटाला एका आजोबांनी फोन वाजवला. इक्बालच्या दोन्ही हातांत दोन्ही लग्नांचे शालू होते. फोन उचलणार कसा? तो क्षणभर थांबला. कानात काहीतरी आलं असावं, कारण त्याचे डोळे विस्फारले, खरेखुरे, ठरवून न केलेले. मग त्यानं शांतपणे एक शालू स्वतःला नेसायला घेतला आणि मोकळ्या हातानं फोन उचलून अत्यंत अदबीनं म्हणाला, "वधूपक्ष बोलतोय."

लोक खुर्च्यांवरून घसरले. धनंजयच्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती.

सत्तावीस वर्षांत त्या चेहऱ्यावर तसा अचंबा धनंजयनं कधी पाहिला नव्हता. कुठून पाहणार? त्याच्या नाटकात इक्बालला पुढचं वाक्य पाठ असे.

प्रयोगानंतर इक्बाल रंगपटात घामानं निथळत बसला होता. "कसं वाटलं?"

"बरं होतं."

"बरं?" इक्बालनं टॉवेल खाली ठेवला. "नुसतं बरं?"

"लोक हसत होते की."

"लोकांचं नाही विचारलं मी." धनंजयनं बस गाठायची आहे असं सांगितलं आणि निघाला.

मत्सर पहिले काही दिवस नुसता टोचतो, मग तो कामाला लागतो. धनंजयनं त्या आठवड्यात एक ओळ लिहिली नाही. तो योजकाचे दोष शोधत राहिला. त्याला भाषा नाही. त्याला सांगली माहीत नाही, मिरज माहीत नाही. अश्विनीला तो हे जेवताना ऐकवायचा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "धनंजय, इक्बालभाई खूश आहेत याचाच तुला त्रास होतोय. यंत्र गेलं खड्ड्यात." तो ताटावरून उठला.

नंतरच्या रविवारी तो पुन्हा गेला. यावेळी तिकीट काढून, टोपी घालून, तोंडाला मास्क लावून. क रांगेतली चौदावी खुर्ची. नुसतं बघायचं असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. पण घंटा वाजली की त्याचं बोट पाटीकडे जायचं आणि तो ते मागे घ्यायचा. त्या दिवशी त्यानं काही केलं नाही. त्यापुढच्या रविवारी, त्याच वेशात आणि त्याच खुर्चीत, केलं.

*

दुसरा अंक अर्धा झाला होता. एक आई मुख्य दारातून येत होती. दुसरी वधूच्या खोलीतून. त्यांच्या बांगड्यांचे आवाज दोन्हीकडून जवळ येत होते. मध्ये इक्बाल, हातात दोन्ही नवरदेवांचे फेटे. त्याला एकच वाट होती, स्वयंपाकघराचं दार. तो तिकडे वळला आणि घंटा झाली.

चाळीस वर्षं दारांच्या उघडझापीवर जगलेल्या माणसाचं बोट सगळ्यांच्या आधी पडलं. स्वयंपाकघराचं दार बंद.

धनंजयला हवी होती शांतता. नट मध्यभागी मुका उभा आहे, कानात काहीच येत नाही, लोक चुळबुळतायत, आणि इक्बालला कळतंय की लेखक म्हणजे काय असतो. नंतर त्यानं स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण फार्स लिहिणारा माणूस एखादं दार बंद करताना उरलेल्या वाटा मोजतोच. त्यानं त्या मोजल्या होत्या. एकच उरत होती, शिडी.

आणि इक्बालनं शिडी चढायची नाही, हे अख्ख्या गोदामात इक्बालखेरीज फक्त धनंजयला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी इक्बालच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. चालायला पाय ठीक होता, चढताना मध्येच दगा द्यायचा. दोघे त्याविषयी कधी बोलले नाहीत. धनंजयनं फक्त त्यानंतरच्या प्रत्येक नाटकात इक्बालला बसवून ठेवलं होतं. एकदा न्यायाधीश केला, एकदा खाटेवरचा आजोबा. योजकाच्या यादीत 'चढणे' या कृतीला दोनच अटी होत्या. शिडी जागेवर हवी आणि एक हात मोकळा हवा. गुडघ्याची अट कुणी लिहिली नव्हती, कारण इक्बालनं ती कुणाला सांगितलीच नव्हती.

इक्बाल बंद दाराशी थांबला. कानात आलं. त्यानं दोन्ही फेटे एकावर एक डोक्यावर चढवले, शिडीकडे पाहिलं, आणि मग, धनंजयच्या आयुष्यात हा क्षण कायमचा रुतून बसला, त्यानं प्रेक्षकांत क रांगेच्या दिशेनं पाहिलं. मग चढला.

पाचव्या पायरीवर पाय गेला.

गोदाम हशानं हादरलं. दोन फेटे, एक व्यवस्थापक आणि शिडी असं सगळं एकदम खाली आलं होतं आणि दोन्ही आया दोन दारांतून आत येत होत्या. याहून अचूक काय असणार! हशा ओसरेना. इक्बाल पडला तसाच पडून होता, जराही न हलता, आणि त्या न हलण्यालाही लोक हसत होते.

धनंजय उभा राहिला होता. हजार-दोन हजार वेळा त्यानं इक्बालला पडताना पाहिलं होतं. इक्बाल नेहमी डाव्या खांद्यावर पडायचा, हात आधी टेकून. आज तो उजव्या कुशीवर पडला होता आणि त्याचे हात शिडीलाच धरलेले होते.

"हसू नका!" धनंजय ओरडला. "अरे हसू नका, तो खरा पडलाय!"

त्यालाही लोक हसले. मास्क लावलेला टोपीवाला प्रेक्षक खुर्च्या ओलांडत रंगमंचाकडे धावतोय, हाही नाटकाचाच भाग वाटला त्यांना. तो इक्बालपाशी जाऊन गुडघ्यावर बसला. इक्बालचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याच्या कानातला इअरफोनचा खड्याएवढा मणी धनंजयला अगदी जवळून ऐकू आला. योजकाचा सौम्य, नेटका आवाज सांगत होता, "हशा चालू आहे. हलू नका."

*

मांडीचं हाड मोडलं होतं. मिरजेच्या इस्पितळात प्लेट घातली. पाचव्या दिवशी दुपारी धनंजय तिथं गेला तेव्हा अनुष्का बाहेरच्या बाकावर बसलेली होती, डोळे सुजलेले.

"चूक माझी आहे, सर," ती म्हणाली. "नटाच्या शरीराची यादी मी करायला हवी होती. मुंबईहून चौकशीला माणसं येतायत. प्रयोग बंदच होईल बहुतेक. मीही जाईन." मग जराशानं, "दार क-चौदावरून बंद झालं होतं. पण त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्यानं खेळ समजून बोट ठेवलं."

क-चौदा हा नुसता क्रमांक होता. तिकिटावर नाव नव्हतं. हशाच्या गदारोळात तो कुठल्या खुर्चीतून उठला हे कुणी पाहिलं नव्हतं. उलट वर्तमानपत्रात आलं होतं की मित्राचं पडणं एकट्या मित्रानंच ओळखलं. मिरजेतले दोघेतिघे त्यासाठी त्याचा हात हातात घेऊन गेले होते.

धनंजयनं पायातल्या चपला दाराशी काढल्या. तो आत गेला.

शमीमभाभी इक्बालला मोसंबीचा रस देत होत्या. "या धनंजयभाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही नसता तर लोक हसतच बसले असते." त्या पेला धुवायला बाहेर गेल्या.

धनंजय उभाच राहिला. "इक्या, दार मी बंद केलं."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"घंटा पुरती वाजायच्या आत बोट पडलं. असं घाईचं बोट अख्ख्या जिल्ह्यात एकच हाय. मग शोधलं, तर टोपीखाली तूच."

धनंजयनं खुर्ची जवळ ओढली. "मला शिडी दिसली होती," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं पाच दिवस घोकलं होतं आणि तरी ते नीट निघालं नाही. "तू गप्प उभा राहावास असं वाटत होतं, ते खरं आहे. पण शिडी दिसली होती मला. दिसली, आणि तरी मी बोट ठेवलं."

शेजारच्या खोलीत कुणीतरी मोबाइलवर क्रिकेट ऐकत होतं.

"मग तू तरी का चढलास?" धनंजय शेवटी म्हणाला. "तुला जमणार नाही हे तुलाही माहीत होतं. नकार द्यायचास. शब्द तुझे होते ना?"

इक्बाल छताकडे बघत होता. "तू बसला होतास म्हणून," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, तू मला खुर्चीत बसवलंस. एका शब्दानं विचारलं नाहीस. मी गप बसलो. म्हटलं, धन्याला कळलंय, धन्या सांभाळून घेतोय. पण आत कुठंतरी जळत होतं रे. तू मला म्हातारा करून टाकलंस. ते मशीन म्हणालं, चढा. त्याला मी म्हातारा वाटलो नाही. आणि समोर तू. म्हटलं, बघच आता."

धनंजयनं खाली मान घातली.

"लई राग आलाय मला तुझा," इक्बाल म्हणाला. त्याचा आवाज साधा होता. "आत्ता जा. शमीमला सांगू नको, मी सांगतो. त्या पोरीला मात्र आत्ता सांग. तिची भाकर जायला नको."

धनंजय बाहेर आला आणि बाकावर बसला. त्यानं अनुष्काला सगळं सांगितलं, शिडीसकट. ती पहिल्यांदा हसली, मग तिला कळलं. ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

त्यानं लिहून दिलं. ते छापूनही आलं. नाट्यपरिषदेच्या शाखेनं त्याचा ठरलेला सत्कार रद्द केला, कॉलनीतल्या लोकांनी बोलणं कमी केलं. हात हातात घेऊन गेलेल्यांपैकी एकजण रस्ता ओलांडून पलीकडे गेला. अश्विनी आठ दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी तिनं विचारलं, "आता लिहिणार आहेस का काही?" त्यानं वही उचलून कपाटात ठेवली.

*

अनुष्काची नोकरी राहिली. पाच महिन्यांनी इक्बाल काठीच्या आधारानं चालू लागला आणि त्यानं कंपनीला कळवलं की त्याला काम पुन्हा करायचंय. योजकाबरोबरच. त्याची एक अट होती. ती ऐकून कंपनीचे वकील हबकले, अनुष्का भांडली, आणि शेवटी एका सकाळी तिनं धनंजयला गोदामात बोलावलं.

"माझा तुमच्यावर विश्वास नाही, सर," ती म्हणाली. "स्पष्टच सांगते. आता आम्ही प्रत्येक नटाची यादी केलीय. कोण काय करू शकतो, काय नाही. पण यादीत न मावणारं उरतंच. हशा आला की योजकाला सगळं छान चाललंय असं वाटतं. तो हशा ऐकतो, माणूस ओळखत नाही. इक्बालभाई म्हणतात, विंगेत असा एकजण बसला पाहिजे जो त्यांचं खरं पडणं ओळखतो. मी म्हटलं, ज्यानं पाडलं तोच? ते म्हणाले, हो, तोच."

तिनं टेबलावर एक लाल कळ ठेवली. ती दाबली की योजक गप्प होणार, दिवे लागणार, प्रयोग थांबणार.

"फक्त एवढंच काम. लिहायचं काही नाही."

धनंजयला नाही म्हणावंसं वाटलं. दुसऱ्याच्या विनोदाला राखण बसायचं, दर रविवारी, जन्मभर. याहून मोठी शिक्षा इक्बालला सुचली नसती. की ती शिक्षा नव्हती, हेही त्याला ठरवता येईना. त्यानं कळ उचलली.

पहिला प्रयोग हाऊसफुल्ल होता. इक्बाल आता व्यवस्थापकाच्या चाकांच्या खुर्चीत बसून होता आणि योजकानं त्या खुर्चीचंच हत्यार केलं होतं. दुसऱ्या अंकात कुणा बाईनं दोन्ही आयांना एकदम आत पाठवलं. पळायला जागाच नाही. इक्बालचे डोळे तसेच विस्फारले, मग त्यानं खुर्ची गर्रकन फिरवली, दोघींच्या मध्ये येऊन थांबला आणि हात जोडून एकीची दुसरीला ओळख करून दिली. "या आमच्या स्वयंपाकीणबाई," दोघींनाही तेच सांगितलं, एकीला उजव्या कानात, दुसरीला डाव्या. दोन्ही आया एकमेकींना जिलब्या किती तळल्या ते दरडावून विचारू लागल्या.

हळदीच्या त्या गोदामानं असा हशा ऐकला नव्हता. तो थांबेना. धनंजयच्या एकाही नाटकात, एकाही रात्री, असा हशा आला नव्हता. हे त्याला विंगेत बसल्या बसल्या लख्ख कळलं आणि जुनं टोचणं पुन्हा सुरू झालं. ओळखीचंच होतं ते, जराही कमी झालेलं नव्हतं. मांडीवरच्या लाल कळीवर त्याचा अंगठा होता. दाबली असती तर कुणी काही विचारलं नसतं. मला शंका आली, एवढं म्हणणं पुरलं असतं.

त्यानं इक्बालकडे पाहिलं. पाय पाहिला, खांदे पाहिले, श्वास पाहिला. माणूस सुखात होता.

धनंजयनं अंगठा उचलला, हात गुडघ्यावर ठेवला, आणि हशा संपेपर्यंत तो तिथून हलू दिला नाही.